गारवा आला म्हणून गुडघ्यांना सुट्टी नको

शरद ऋतूत सकाळचा गारवा जाणवू लागला की गुडघेदुखीवाल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘आता चालणं बंद करा, नाहीतर उरलासुरला गुडघाही झिजेल.’ सल्ला मायेचा, पण चुकीचा.

वापरला की झिजलाच, असा यंत्राच्या सुट्या भागाचा नियम आपण सांध्याला लावतो. प्रत्यक्षात सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक थराला, रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण मुख्यतः सांध्यातल्या वंगणद्रवातून होतं. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सैल होते आणि त्या दाबासरशी द्रव आतबाहेर करतो. बसून राहिलं की हे मंदावतं. शिवाय मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि त्यांनी पेलायचा भार गुडघ्यावर येतो.

गारव्यात सांधे जास्त आखडतात असं अनेकांना जाणवतं, ते थोतांड नाही. पण मग वेळ बदला, चालणं कशाला सोडता? पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर निघा. आधी खुर्चीत बसून एकेक पाय समोर सरळ करा, पाच अंक मोजेपर्यंत धरा, सावकाश खाली सोडा. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा.

चालताना थोडं दुखलं तर घाबरू नका. मात्र दोन तासांनंतरही वाढलेलं दुखणं ओसरलं नाही, तर पुढच्या वेळी अंतर कमी करा. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.