पिल्लाची भूक आणि पालकाचे वजन

हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे क्रोझे आणि केर्गेलेन ही वाऱ्याने झोडपलेली बेटे आहेत. अल्बट्रॉस आणि पेट्रेल हे समुद्रपक्षी तिथे जमिनीला पाय लावतात ते विणीपुरते. अंडे एकच, ते फुटले तर त्या हंगामात दुसरे नाही. भटक्या अल्बट्रॉसचे अंडे सुमारे ११ आठवडे उबवावे लागते आणि पिल्लू उडायला पुढे ९ महिने जातात. म्हणून ज्या जोडीचे पिल्लू तडीस जाते, ती पुढचे वर्ष वीण करत नाही.

एकच अंडे का, यावर १९४० ते १९६० च्या दशकांत बरेच लिहिले गेले. चारा फार लांब, दुसरे तोंड पोसणार कसे, एवढे उत्तर तेव्हा पुरायचे. १९६६ मध्ये वेगळा हिशेब पुढे आला: आजच्या पिल्लावर झालेला खर्च पुढच्या विणींतून वजा होतो. ज्याच्यापुढे अजून कित्येक विणी आहेत, त्याने एका पिल्लासाठी जीव पणाला लावणे परवडत नाही. कागदावर हे पटत होते, पण पक्षी क्षितिजाआड गेला की तो काय करतो हे पाहायची सोय नव्हती.

ती १९८९ मध्ये झाली. क्रोझेवरच्या सहा नर अल्बट्रॉसांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे बसवली गेली. अंडे उबवायला मादी बसली की नर समुद्रावर निघत, आणि एकेका फेरीत ३,६०० ते १५,००० किलोमीटर कापून परतत. ‘चाऱ्याला जाणे’ म्हणजे काय, याची कल्पनाच त्यानंतर बदलली.

तरी या विषयातले मोठे वळण साध्या वजनकाट्याने दिले, असे मला वाटते. पेट्रेल रात्री बिळाशी येतात. पिल्लू संध्याकाळी तोलायचे, भरवून झाल्यावर पुन्हा तोलायचे, फरक म्हणजे साधारण त्या रात्रीचे जेवण. येणारा आणि जाणारा पालकही कापडी पिशवीत घालून काट्याला लावायचा. १९९४ मध्ये निळ्या पेट्रेलबद्दल जे प्रसिद्ध झाले ते अशा नोंदींतून आले. तोच पालक काही आखूड फेऱ्या करतो, मग एक लांब. आखूड फेऱ्यांत पिल्लाला दिवसाकाठी जास्त मिळते, पण पालक झिजत जातो. लांब फेरीहून तो स्वतःचे वजन भरून काढून येतो, आणि जठरात घट्ट तेल घेऊन येतो. भक्ष्यातले पाणी निघून गेल्यामुळे ही शिदोरी वजनाला कमी आणि ताकदीला भारी असते. ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया यांच्यामधल्या बास सामुद्रधुनीच्या बेटांवर वीण करणारे आखूड शेपटीचे शिअरवॉटर, म्हणजे पेट्रेलांच्याच कुळातले पक्षी, एक-दोन दिवसांच्या फेऱ्या मारून मध्येच दहाहून अधिक दिवस गायब होतात. जातात थेट अंटार्क्टिकाच्या बाजूच्या थंड पाण्यावर.

मग निघायचे कधी, हे ठरवते कोण? पिल्लाची आरडाओरड की पालकाचे शरीर? इथे ‘ठरीव गुंतवणूक’ हा शब्द आला, आणि त्याने मोठा गोंधळ घातला. एका गटाच्या मते पालकाचा खर्च ठरलेला असतो, पिल्लू कितीही भुकेले असले तरी तो वाढत नाही. दुसरा गट म्हणे, खर्च लवचीक आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला वादळी पेट्रेलांवरचा प्रयोग पहिल्या बाजूला फार आवडतो. पालकांची उड्डाणपिसे कातरून त्यांना उडणे जड केले, आणि शेपटीचे एक पीस उपटून नवे पीस किती वेगाने वाढते ते मोजले, कारण पोषण कमी पडले की पीस हळू वाढते. पालकांचे पीस नेहमीच्या वेगाने वाढले, पिल्लांचे मंदावले. झीज सगळी पिल्लाच्या अंगावर गेली.

पण ठरीव नेमके काय? फेऱ्यांची संख्या, घासाचे वजन, की पालकाचे स्वतःचे वजन? तिन्हींसाठी हा एकच शब्द वापरला गेला आणि माणसे एकमेकांना न ऐकता भांडत राहिली. अंटार्क्टिकात किनाऱ्यापासून सुमारे २०० किलोमीटर आत, स्वार्टहामारेनच्या डोंगरावर वीण करणाऱ्या पेट्रेलांनी गुंता बराच सोडवला. तिथे अंगाने भरलेले पालक पिल्लाच्या गरजेकडे पाहून जास्त आणतात, खंगलेले आणत नाहीत. म्हणजे ठरीव असते ती पालकाच्या वजनाची खालची पातळी, आणि तिच्या वर असेपर्यंत पिल्लाची हाक ऐकली जाते. अशा पालकाला ‘स्वार्थी’ म्हणणारे लेखन तेव्हा झाले, अजूनही होते, आणि ते मला मुळीच मान्य नाही. एका पालकाच्याने अल्बट्रॉसचे पिल्लू जगत नाही. तो खंगून मेला, तर पिल्लूही गेलेच.

‘लांब फेरी’ हीदेखील सरसकट गोष्ट नाही. जवळच्या पाण्यात पुरेसे भक्ष्य असेल तिथे त्याच जातीच्या वसाहतीत ही लांब-आखूड घडी दिसत नाही.

पुढे यंत्रे हलकी झाली आणि माहितीचा पूर आला. त्यात एक जुने दुखणे स्पष्ट झाले. क्रोझेच्या अल्बट्रॉस माद्या नरांपेक्षा उत्तरेला, उबदार पाण्याकडे जातात, आणि तिथेच ट्यूनासाठी मैलोन्‌मैल गळांच्या दोऱ्या सोडलेल्या असतात. आमिषावर झडप घालणारा पक्षी गळाला लागून बुडतो. १९७० च्या दशकात क्रोझेवरच्या अल्बट्रॉसांची संख्या घसरली, त्यामागे हे एक मोठे कारण. २०१२ मध्ये उलट दिशेची बातमी आली: दक्षिणेकडचे वारे जोरकस झाल्याने फेऱ्या लवकर उरकू लागल्या, पक्ष्यांचे वजन सुमारे १ किलोने वाढले, आणि जास्त पिल्ले तगू लागली. वाऱ्यांचा पट्टा आणखी दक्षिणेला सरकला की हा फायदा टिकणार नाही, असेही त्याच अभ्यासात म्हटले होते.

दक्षिणेतला हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. आपल्याकडे अरबी समुद्रावर अंटार्क्टिकाकडून आलेले विल्सनचे वादळी पेट्रेल तेव्हा पिल्लांच्या जबाबदारीतून मोकळे असतात. क्रोझेवर मात्र त्याच दिवसांत अल्बट्रॉसचे पिल्लू मातीच्या उंच घरट्यावर एकटे बसलेले असते, वजनाने आईबापांच्याही पुढे जायच्या बेतात, आणि त्याचे पालक वेगवेगळ्या दिशांना गेलेले असतात.