बंडखोर पोलिसाची कादंबरी आमच्याकडे देण्यापूर्वी

हस्तलिखित-वाचन आणि संपादनासाठी येणाऱ्या लेखकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या गुन्हेकथांमधला इन्स्पेक्टर आता आम्हाला घरच्यासारखा झाला आहे. दाढीचे खुंट वाढलेले, बायको सोडून गेलेली, टेबलाच्या खणात बाटली, वरिष्ठांशी उभा दावा. तिसऱ्या प्रकरणात त्याचं निलंबन होतं, चौथ्यात तो ‘आता माझ्या पद्धतीने बघतो’ म्हणून जिना उतरतो आणि शेवटी त्याचंच खरं ठरतं. नाव हस्तलिखितागणिक बदलतं, माणूस तोच.

या माणसावर आमचा राग नाही. अशा खरबरीत पोलिसी कादंबऱ्या आम्ही सुट्टीच्या दिवशीही वाचतो. पण प्रत्येकाच्या समासात त्याच त्या सूचना लिहून आमचा हात भरून आला आहे. त्या आधीच तुमच्या हाती पडल्या तर पहिल्याच बैठकीत आपण तुमच्या कथेबद्दल बोलू शकू, नायकाच्या दाढीबद्दल बोलत बसावं लागणार नाही.

तो नेमका कोणाविरुद्ध उभा आहे?

आमचा पहिला प्रश्न हाच असतो. १९२०च्या दशकात अमेरिकी मासिकांतून ही रांगडी गुन्हेकथा वाढली तेव्हा तिचा नायक बहुधा खाजगी गुप्तहेर असे. नाही पटलं, तर तो अशिलाचे पैसे टेबलावर ठेवून चालता होऊ शकतो. पोलिसाला ती सोय नाही. काल रात्री ज्या साहेबाला तोंडावर खोटारडा म्हटलं, त्याच्याच समोर सकाळी हजेरीला उभं राहायचं, रजेच्या अर्जावर त्याचीच सही घ्यायची आणि निवृत्तीला किती वर्षं उरली ते मोजायचं. भांडण एकाच छपराखालचं आहे. खाजगी गुप्तहेराच्या कथेला वर्दी चढवली की झाली पोलिसी कादंबरी, असं समजून लिहिलेली हस्तलिखितं पहिल्या पन्नास पानांतच ओळखू येतात. त्यातल्या नायकाला साहेब असतो, पण तो फक्त ओरडण्यापुरता.

खऱ्या आयुष्यातला बंडखोर पोलीस पाहायचा असेल तर न्यूयॉर्कच्या फ्रँक सर्पिकोची हकिगत वाचा. तो १९५९ साली पोलिसात लागला. साध्या वेषातल्या पथकात गेल्यावर त्याला दिसलं, की जुगाराच्या अड्ड्यांवरून हप्ते येतात आणि वाटले जातात. त्याने आपला वाटा घेतला नाही. त्याचं सगळं बंड एवढंच. पुढे काही वर्षं तो एकेका वरिष्ठाकडे जाऊन सांगत राहिला, ऐकून घेणारे भेटत राहिले आणि काही झालं नाही. १९७०च्या एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे सगळं छापलं, तेव्हा चौकशीसाठी नॅप आयोग नेमला गेला. ३ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रुकलिनमध्ये अमली पदार्थांच्या एका छाप्यात सर्पिकोच्या चेहऱ्यात गोळी लागली. बरोबरच्यांनी मदतीचा संदेश दिलाच नाही, शेजारच्या घरातल्या एका म्हाताऱ्याने फोन केला, असं तो पुढे सांगत आला. तो वाचला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आयोगापुढे साक्षीला उभा राहिला.

यात लाथेने उघडलेलं दार कुठे आहे? टेबल उलथणं कुठे आहे? एक माणूस पाकीट घेत नाही, एवढ्यावर अख्खं खातं त्याला बिचकून राहतं. कारण न घेणाऱ्याचा भरवसा कोण देणार? आपल्या हातातल्या पाकिटाचा उच्चारही न करता त्याच्याशी रोज चहा पिणारे सहकारी रंगवता आले, तर तुमची कादंबरी निम्मी झाली म्हणून समजा. नॅप आयोगाने लाचखोर पोलिसांचे दोन प्रकार केले होते: गवत खाणारे आणि मांस खाणारे. समोर आलेलं मुकाट घेणारे ते गवत खाणारे, शिकारीला बाहेर पडणारे ते मांस खाणारे. आमच्याकडे येणाऱ्या खलनायकांत मांस खाणारेच फार. गवत खाणारा, मुलांच्या शाळेची काळजी करणारा, नायकाच्या आजारपणात डबा पाठवणारा सहकारी क्वचित दिसतो. खरं तर नायकाला खरा त्रास द्यायचा तो यानेच.

आणि ‘पोलीस खात्यात भ्रष्टाचार’ हा प्रस्तावनेत जाहीर करण्याइतका स्फोटक विषयही नाही. लंडनच्या स्कॉटलंड यार्डच्या गुप्तहेर शाखेतले वरिष्ठ अधिकारी १८७७ सालीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. तिघांना शिक्षा झाली आणि पुढच्या वर्षी ती शाखा मोडून सीआयडी उभी केली गेली. वाचकाला खातं सडलेलं आहे ही बातमी नको असते. त्या वासात तुमचा माणूस रोज जेवतो कसा, हे त्याला बघायचं असतं.

नियम मोडला, मग खटल्याचं काय?

आमचं सगळ्यात जास्त भांडण लेखकांशी इथे होतं. एका हस्तलिखितातला हा प्रसंग बघा. लेखकाच्या परवानगीने, तपशील बदलून देत आहोत:

‘इन्स्पेक्टरने लाथ घालून दार उघडलं. कपाटातल्या शर्टांमागे रक्ताळलेला सुरा होता. “सापडलास बेट्या,” तो पुटपुटला.’

समासात आम्ही लिहिलं: झडतीचा परवाना नाही. सोबत साक्षीदार नाही. हा एकटाच. उद्या आरोपीचा वकील विचारेल की सुरा याने स्वतःच आणून ठेवला नाही कशावरून, तेव्हा हा काय सांगणार? लेखक महाशय रुसले. कादंबरी आहे, कायद्याचं पुस्तक नाही, म्हणाले. महिन्याभराने नवा खर्डा आला. त्यात लाथ गेली होती, खबऱ्याकडून मिळवलेली किल्ली आली होती, आणि प्रसंग असा झाला होता:

‘शर्टांमागे सुरा होता. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. उचलला तर तो पुरावा राहणार नाही, ठेवून गेलो तर सकाळपर्यंत तो इथे राहणार नाही. जिन्यात कोणाच्या तरी चपला वाजल्या. त्याने कपाट लोटलं. कडी आधी लावलेली होती की नुसती अडकवलेली, ते त्याला काही केल्या आठवेना.’

त्या कडीवर पुढची चाळीस पानं चालतात. आम्ही फक्त प्रश्न विचारला होता, कडी लेखकाची.

बेकायदा मिळवलेल्या पुराव्याचं काय होतं, हे देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेत १९६१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून राज्यांच्या न्यायालयांतही असा पुरावा सहसा बाद होतो. इतर अनेक ठिकाणी न्यायाधीश तो तोलून बघतात. तुमची कथा जिथे घडते तिथला नियम आधी बघून घ्या आणि मग खुशाल मोडा. नियम माहीत नसताना मोडलेला आणि माहीत असून मोडलेला, यातला फरक वाक्यावाक्यातून कळतो.

तीच गत कबुलीजबाबाची. कोठडीत दोन कानाखाली वाजवल्या की खरं बाहेर येतं, या समजुतीवर उभी असलेली हस्तलिखितं आमच्याकडे ढिगाने येतात. इंग्लंडातल्या लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ साली पंधरा-पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसरा खून कबूल केला. लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४मध्ये शोधलेली डीएनए चाचणी तेव्हा नवीकोरी होती. दोन्ही खुनांमागे एकच माणूस आहे आणि तो हा मुलगा नाही, असं तिने सांगितलं. म्हणजे गुन्ह्याच्या तपासात या चाचणीने आधी एका निर्दोष माणसाला सोडवलं, आणि तेही त्याने गुन्हा कबूल केल्यानंतर. मग परिसरातल्या हजारो पुरुषांचे नमुने तपासले गेले, तरी गुन्हेगार सापडला नाही. सापडला तो १९८७मध्ये, एका दारूच्या गुत्त्यातल्या गप्पांमुळे. ‘त्याच्या जागी मीच रक्त देऊन आलो’ असं एक जण सोबत्यांपुढे बोलून गेला आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी पोलिसांना कळवलं.

तुमच्या इन्स्पेक्टरने मारून कबुली मिळवली असेल तर ती खोटी निघण्याची शक्यता कथेत कुठेतरी वळवळायला हवी. त्याला रात्री झोप येऊ नये ती बायको गेली म्हणून नव्हे, यासाठी.

शरीराचे नियम

इथे फार बोलत नाही. चुका सरसकट त्याच असतात, म्हणून धावता उल्लेख करतो. मरणोत्तर ताठरता साधारण दोन ते चार तासांत जबड्याच्या आसपास जाणवू लागते आणि बारा तासांच्या सुमारास सर्वांगात भरते. उकाड्यात हे लवकर होतं, थंडीत उशिरा. तेव्हा प्रेताकडे नुसतं बघून ‘रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी’ असं सांगणारा डॉक्टर काढून टाका. डोक्यात फटका बसून माणूस काही मिनिटांपेक्षा जास्त बेशुद्ध राहिला तर ती गंभीर इजा असते. तो तासाभराने उठून मान झटकून पाठलागाला लागणार नाही. सायलेन्सर लावलेलं पिस्तूल ‘फुस्स’ करत नाही. साध्या पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, सायलेन्सर त्यातून २० ते ३५ डेसिबल कमी करतो. उरलेलाही शेजाऱ्याला उठवायला पुरेसा आहे.

आणि दारू. रक्तातलं मद्याचं प्रमाण तासाला दर १०० मिलिलीटरमागे साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं, काळ्या कॉफीने ते लवकर उतरत नाही. आमच्यातल्या एका वाचकाला नायकाचे पेग मोजण्याची खोड आहे. प्रकरणागणिक शेवटच्या पानावर तो रेघा ओढत जातो. एका कादंबरीत त्याच्या हिशेबाने इन्स्पेक्टर बुधवारी दुपारीच गतप्राण व्हायला हवा होता. तो शुक्रवारी छतावरून छतावर उड्या मारत होता.

बोलणं

बंडखोर माणूस सारखा शिव्या देतो, हा समज सोडा. शिवी विसाव्यांदा आली की तिला धार राहत नाही. मराठीत त्याहून बोचरं हत्यार आपल्या हाताशी आहे आणि ते फारसं कोणी वापरत नाही. ते म्हणजे अरे-तुरे आणि अहो-जाहो. चौकशीच्या खोलीत सगळे आरोपीला ‘तू’ म्हणत असताना नायक एकटाच ‘बसा, पाणी घेणार का?’ म्हणतो, तेव्हा आरोपीच्या पोटात गोळा येतो. वर्षानुवर्षं ‘तू’ म्हणणारा साहेब निलंबनाचा कागद हातात देताना ‘तुम्ही’वर येतो, तेव्हा आणखी वेगळं सांगायला लागत नाही. तुमच्या संवादांत हे सर्वनाम नकळत घसरलं असेल तर आम्ही खूण करतोच. मुद्दाम बदललं असेल तर समासात एक फुली मारून ठेवा, म्हणजे आम्ही ते ‘दुरुस्त’ करणार नाही. (एकदा केलं होतं. लेखिकाबाईंनी जे सुनावलं ते आजवर लक्षात आहे.)

आम्ही काय करतो

हस्तलिखित दोनदा वाचतो. पहिल्यांदा हातात पेन्सिल न घेता, एका बैठकीत जमेल तितकं. कुठे उठून चहाला जावंसं वाटलं ते पान तेवढं टिपून ठेवतो. दुसऱ्यांदा वही घेऊन: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण कुठे होतं, कोणाला काय ठाऊक होतं. गुन्हेकथेतल्या निम्म्या भेगा या वहीतच दिसतात. त्यानंतर लेखी अभिप्राय देतो आणि मग प्रत्यक्ष बसून बोलतो. लेखी अभिप्राय नेहमी जरा कडक वाटतो, म्हणून तो वाचल्यावर लगेच फोन न करता दोन दिवस जाऊ द्यावेत ही विनंती.

आम्ही प्रकरणं स्वतः लिहून देत नाही, प्रकाशक शोधून देत नाही आणि कायद्याचा सल्लाही देत नाही. तुमचा खलनायक एखाद्या हयात माणसावर बेतलेला असेल तर ते आधी सांगा. अशा वेळी प्रत वकिलाला दाखवल्याशिवाय आम्ही तिला हात लावत नाही.

प्रत युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फाँटमधली फाइल आमच्याकडे उघडली की इन्स्पेक्टरच्या जागी चौकोन उमटतात. पानांना क्रमांक घाला, ओळींत जागा सोडा. हाताने लिहिलेलं असेल तर कागदाच्या एकाच बाजूला लिहा आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. सोबत कथासार नको, त्याने आमचं पहिलं वाचन नासतं. त्याऐवजी वेगळ्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहा: नायक कोणता नियम मोडतो, आणि त्याची किंमत त्याच्याखेरीज आणखी कोण मोजतं. चिठ्ठी पाकिटात बंद करून द्या. दुसरं वाचन संपल्यावर आम्ही ती उघडतो.