तव्याचं मुरणं : बीड, काळा पत्रा आणि मुंबई

गेल्या काही वर्षांत मुंबईच्या स्वयंपाकघरांत 'कास्ट आयर्न स्किलेट' आणि 'कार्बन स्टील पॅन' हे शब्द आले. त्यांच्याबरोबर 'सीझनिंग' आलं, म्हणजे तेल तापवून तव्यावर थर चढवणं, आपल्या भाषेत तवा मुरवणं, आणि सीझनिंगबरोबर धास्तीही आली. साबण लागला तर काय, गंज धरला तर काय, थर सोलवटला तर काय! लालबागच्या एका भांड्यांच्या दुकानात मी कार्बन स्टीलचा पॅन मागितला, तेव्हा दुकानदाराने आतून तेलकट कागदात गुंडाळलेला काळा लोखंडी तवा आणला, काट्यावर टाकला आणि वजनावर भाव सांगितला. मला वाटलं, याला कळलंच नाही मी काय मागतोय. पण त्याचं बरोबर होतं.

लोखंडात कार्बन किती, यावर सगळं ठरतं. शेकडा दोनच्या खाली असला तर ते पोलाद. ते ठोकता येतं, लाटून त्याचा पत्रा करता येतो. दोनच्या वर, साधारण तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत गेला की झालं बीड, म्हणजेच कास्ट आयर्न. ते वितळून साच्यात छान ओतता येतं, पण घाव सोसत नाही. ओट्यावरून फरशीवर पडलं की तडकतं. जुन्या घडीव लोखंडात कार्बन नसल्यातच जमा. आपला पोळी-भाकरीचा लोखंडी तवा सौम्य पोलादाच्या काळ्या पत्र्याचा असतो. परदेशी कार्बन स्टील पॅनचा पत्रा जाड, बूड सपाट, दांडा रिबिटांनी जोडलेला आणि किंमत कितीतरी पट. जात मात्र तीच.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा, की बिडाचा तवा पूर्वापार चालत आलेला आणि ठोकलेला तवा त्यामानाने साधा, बाजारी. इतिहास पाहिला तर चित्र बरंचसं उलटं दिसतं.

सह्याद्रीत लोखंड काढण्याचं काम धावड करत. महाबळेश्वराच्या परिसरात एकोणिसाव्या शतकातही त्यांच्या भट्ट्या होत्या. खनिज आणि लाकडी कोळसा मातीच्या लहानशा भट्टीत घालून भाता मारायचा. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. या भट्टीत तेवढी धग होत नसे. त्यामुळे लोखंड वाहून येत नसे, मळीने, म्हणजे खनिजातल्या गाळाने, भरलेला स्पंजासारखा गोळा निघे. तो तापवून ठोकत राहिलं की मळी झडून घडीव लोखंड उरे. त्याचे फाळ, कोयते, तवे होत. पुढे गावोगाव हिंडणाऱ्या घिसाड्यांनी हेच काम केलं. उपनगरांत रस्त्याकडेला भाता मांडून विळे, उलथणी, तवे ठोकणारी घिसाडी कुटुंबं अजून कुठेकुठे दिसतात, फक्त आता त्यांच्या ऐरणीवर भंगारातलं लोखंड असतं. पण ठोकून तवा घडतो, बीड नाही. बीड ओतायचं तर लोखंड पाण्यासारखं पातळ व्हायला हवं.

ती विद्या चीनकडे फार आधीपासून होती, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास. चिनी ओतीव कढया पुढे जहाजांतून दूरदूरच्या बंदरांत पोचल्या. केरळात कढईला आजही 'चीनचट्टी' म्हणतात. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं आणि १७०९ मध्ये कोलब्रुकडेल इथे लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून भट्टी चालवली. जंगलं तोडण्याची गरज कमी झाली, लोखंड स्वस्त झालं. औद्योगिक क्रांतीच्या कथेत आपण वाफेचं इंजिन आठवतो. डार्बीचा धंदा मुळात स्वयंपाकाच्या हंड्यांचा होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

आपल्याकडे हा प्रकार उशिरा आणि अडखळत आला. जोशिया हीथने १८३० च्या सुमारास मद्रासच्या दक्षिणेला पोर्टो नोव्होत कारखाना काढला, तो टिकला नाही. १८७० च्या दशकात बंगालमध्ये कुल्टीला झोतभट्टी पेटली. मुंबईत १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, पाच वर्षांनी भायखळ्यात रिचर्डसन अँड क्रुडासचा लोखंडी कारखाना उभा राहिला आणि विलायती लोखंड बंदरात उतरत राहिलं. त्याच्या भावापुढे धावडांचा टिकाव लागणं शक्य नव्हतं. त्यात जंगलावर सरकारी निर्बंध आले आणि कोळसाही महागला.

मग टाटांचा कारखाना. लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा १९०७ मध्ये शेअर मुंबईतच विकायला काढले आणि सुमारे तीन आठवड्यांत आठेक हजार लोकांनी पैसे भरले. १९११ च्या डिसेंबरात साकचीला, म्हणजे आताच्या जमशेदपूरला, लोखंड आणि १९१२ च्या फेब्रुवारीत पोलाद निघालं. इकडे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनतं म्हणून शेतकरी सुरुवातीला किर्लोस्करांच्या नांगराला हात लावेनात, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली. तो नांगर बिडाचा होता. महाराष्ट्रात ओतकामाचे कारखाने त्यानंतर वाढत गेले. कोल्हापूर तर आज फाउंड्रीचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. म्हणजे मालवणी घरातला तो जाड, जड, कान असलेला बिडाचा तवा कितीही पुरातन वाटला, तरी घरोघरी त्याची वस्ती फार तर चार-पाच पिढ्यांची असणार.

कोकणी माणसाला तो इतका का भावला, याचं उत्तर पिठात आहे. घावन आणि आंबोळीचं पीठ पातळ, थंड. पातळ पत्र्यावर ते पडलं की तवा एकदम निवतो, पीठ बुडाला धरतं आणि जाळी पडत नाही. बिडाचं वजन इथे उपयोगी पडतं. साठवलेली उष्णता ते पिठाला देत राहतं. 'बीड सगळीकडे सारखं तापतं' असं विकणारे सांगतात, ते मात्र साफ चूक. उष्णता वाहून नेण्यात बीड ॲल्युमिनियमच्या जेमतेम पाव हिश्शाइतकं आहे. गॅसच्या लहान बर्नरवर त्याचं मधलं वर्तुळ जळतं आणि कडा कोमट राहते. उपाय एकच : मंद आचेवर सात-आठ मिनिटं आधीपासून ठेवायचं. चुलीवर हा प्रश्न नव्हता, कारण जाळ पूर्ण बुडाला लागायचा.

आता मुरण्याबद्दल.

१८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून माणसं गिरणगावात येत राहिली. बरेच पुरुष एकटे, दहा-पंधरा जण एका खोलीत. त्यांची जेवणं खानावळीत, आणि खानावळ म्हणजे बहुधा चाळीतल्याच एखाद्या बाईचं घर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं ते याच बायकांसाठी. गिरण्या पाळीवर चालायच्या, त्यामुळे तवाही पाळीवर चालायचा. अशा घरात 'तवा सीझन करा' असं कोणी म्हटलं असतं तर त्याच्याकडे बघत राहिले असते. नवा तवा आणला की चार दिवस तांदळाच्या पेजेत किंवा धुवणात बुडवून ठेवायचा, रोज पाणी बदलायचं, काथ्याने घासायचं, तेल लावून तापवायचं आणि कामाला जुंपायचं. वांग्याच्या देठाने किंवा काट्याला टोचलेल्या अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं. पहिली दोन-तीन घावनं फाटणार, ती मुलांनी खायची. बाकीचं तवा स्वतः करायचा.

यामागचं रसायन सुताराला ठाऊक असतं, फक्त लाकडावरचं. जवसाचं तेल लाकडाला लावलं की काही दिवसांत सुकून त्याचं रोगण होतं. तेलातली असंतृप्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात, एकमेकांत गुंफली जातात आणि पातळ तेलाचा कडक पापुद्रा बनतो. तव्यावर हेच होतं, फक्त दोनशे अंशांच्या पुढे आणि काही मिनिटांत. थर जितका पातळ तितका पक्का. नवखा माणूस भरपूर तेल ओततो, मग गोंदासारखा चिकट थेंबाथेंबांचा थर बसतो. मीही तेच केलं होतं. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत धूर गेला आणि तवा आठवडाभर पोस्टाच्या पाकिटासारखा चिकटत होता. तेल लावून, तवा कोरडा वाटेपर्यंत पुसून मग तापवायचा, एवढंच खरं तंत्र.

तेल कोणतं, यावर हल्ली फार वाद घालतात. जवस पटकन कडक होतं, पण कधी कधी त्याचे पोपडे निघतात. करडईचं आणि सूर्यफुलाचं चालतं, शेंगदाण्याचंही रोजच्या वापरात उत्तम. खोबरेल मात्र जवळजवळ नव्वद टक्के संतृप्त, त्याचा थर नीट बसत नाही.

चिंच, कोकम, टोमॅटो या थराचे वैरी. तरी पावभाजीचा अवाढव्य तवा टोमॅटोवरच जगतो! कारण त्यावर लोणी आणि उलथणं दिवसभर थांबत नाही. जितकं जातं तितकं परत चढतं. खानावळीतल्या तव्याचं जुनं गणित मुंबईत आता मुख्यतः गाड्यांवर शिल्लक आहे.

घरांतून ते का गेलं? एक कारण इंधन. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत घरगुती गॅस विकायला सुरुवात केली आणि हळूहळू रॉकेलचे स्टोव्ह, शेगड्या मागे पडल्या. दुसरं कारण हलकी, न गंजणारी ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसची भांडी. तिसरं कारण १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, ज्यानंतर गिरण्याच उरल्या नाहीत, मग खानावळी कुठून उरणार. आणि चौथं, सगळ्यात गुळगुळीत कारण : निर्लेप.

अमेरिकेत ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेटला १९३८ मध्ये टेफ्लॉन अपघाताने सापडलं. फ्रान्समध्ये मार्क ग्रेगॉयरने १९५४ मध्ये ते ॲल्युमिनियमवर बसवण्याची युक्ती काढली. आपल्याकडे १९६८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, निर्लेप कंपनी सुरू झाली आणि तिचं नाव मराठी घरात नॉनस्टिकचा समानार्थी शब्द होऊन बसलं. गंमत अशी, की निर्लेप म्हणजे लेप नसलेला, आणि या तव्याचा सगळा जीव त्या लेपातच. कमी तेलात धिरडं निघतं, तवा मुरवावा लागत नाही. नोकरीवर जाणाऱ्या बाईला याचं मोल काय होतं हे आज लोखंडाचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये. मात्र हा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे नेऊ नये, आणि भाकरीला तर तवा कडकडीतच लागतो. म्हणून निर्लेप आल्यावरही भाकरीचा लोखंडी तवा बऱ्याच घरांत फळीवर राहिला.

टेफ्लॉन बनवताना वापरल्या जाणाऱ्या पीएफओए या रसायनावरून अमेरिकेत ओरड झाली. २००६ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने आठ कंपन्यांशी करार करून २०१५ पर्यंत ते बंद करायचं ठरवलं. लोखंडाकडे पुन्हा नजर वळण्याचं ते एक कारण. दुसरं रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत तो आढळला. इथियोपियातल्या मुलांवर झालेल्या, १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या अभ्यासात लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्यांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमवाल्यांपेक्षा जास्त वाढलं. पण लोह उतरतं ते आंबट, रसदार आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थात. मुरलेल्या तव्यावरच्या भाकरीत नगण्यच. कढईत आमटी उकळून लोह मिळवायचं तर थर जाणार आणि आमटी काळी होणार. दोन्ही एका भांड्यात मागू नये.

तवा घेताना दुकानदार गेजमध्ये, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या मापात, बोलतो, आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. सोळा गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, दहा गेज म्हणजे सव्वातीन. पोळीला चौदा पुरतो, भाकरीला आणि डोशाला जाड बरा. बीड आहे की पत्रा, हे ओळखायला बोटाच्या पेराने वाजवून बघावं. पत्रा ठणकतो, बीड ठक्क करून गप्प बसतं, कारण त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत आवाज जिरतो. इंडक्शनवर दोन्ही चालतात, पण चुलीसाठी घडवलेला खोलगट तवा तिथे टेकतच नाही. सपाट बूड बघूनच घ्यावं. नव्या तव्यावर गंज लागू नये म्हणून तेल किंवा रोगण फासलेलं असतं, ते आधी साबणाने घासून काढावं. साबणाने मुरलेला थरही जात नाही, ती भीती सोडून द्यावी. थर जातो तो रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवल्याने.

मुंबईत खरा वैरी हवा आहे. पावसाळ्यात दमटपणा आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांच्या वर असतो आणि वाऱ्यात समुद्राचं मीठ असतं. पुण्यात महिनाभर टिकणारा तवा इथे दोन दिवसांत तांबूस होतो. धुतला की पुसायचा, पुसला की गॅसवर दोन मिनिटं वाळवायचा, कोमट असताना तेलाचं बोट फिरवायचं. बंद कपाटात ठेवू नये. गंज आलाच तर काथ्याने घासून पुन्हा तेल; तवा फेकायचं काही कारण नाही. माझा तो लालबागचा तवा दोन पावसाळे काढून आता गॅसवरच राहतो, कारण उचलून ठेवायची वेळच येत नाही. सकाळी दोन भाकऱ्या, रात्री कधी घावन.