‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या चित्रकला-मातीकामाच्या वर्गात येणारी मोठी माणसं बहुधा दारातच सांगून टाकतात, “मला साधा माणूससुद्धा काढता येत नाही हं!” लहान मुलं असलं काही बोलत नाहीत. ती सरळ कागद मागतात.

दोन वर्षांचं मूल नुसतं गिरगटतं. तीन-चार वर्षांचं झालं की एक गोल काढून त्यालाच हातपाय फोडतं, धडाचा पत्ताच नसतो, आणि “ही आई” म्हणून खुशाल दाखवतं. नऊ-दहाव्या वर्षाच्या सुमारास मात्र आपलं चित्र ‘खऱ्यासारखं’ दिसत नाही हे त्याला खुपायला लागतं. बऱ्याच जणांची पेन्सिल तिथेच सुटते. चाळिशीत ती पुन्हा धरली, तर चित्रही दहा वर्षांच्या मुलासारखंच निघणार. यात लाजायचं काय?

म्हणून पहिल्या तासाला खोडरबर मिळत नाही. रिकामा हात टेबलावर ठेवायचा आणि कागदाकडे न बघता एका सलग रेघेत तो काढायचा. नजर बोटाच्या कडेवरून जितकी सावकाश सरकेल, तितकीच सावकाश पेन्सिल. चित्र विचित्रच निघतं, करंगळी अंगठ्यावर चढून बसते. पण मधेच एखाद्या पेरावरच्या सुरकुत्या अशा काही उतरतात की काढणाराच चमकतो. चेहऱ्याचंही तसंच. जवळजवळ सगळेच डोळे पार वर, कपाळाच्या जागी काढतात. आरशासमोर पेन्सिल आडवी धरून मोजून बघा: डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. कपाळ आणि केस आपण कधी नीट बघितलेलेच नसतात, मग हाताला तरी काय बोल लावायचा?

“वयानुसार तुकड्या का नाहीत?” असं हमखास विचारलं जातं. सहा वर्षांपुढचे सगळे एकाच टेबलाशी बसतात, आणि ते मुद्दाम. मुलं रंग बिनधास्त कालवतात, ते बघून शेजारच्या काकूंचा ब्रश मोकळा होतो. उलट जलरंगाचा पहिला थर वाळेपर्यंत थांबायचं असतं, हे मुलांना आमच्या सांगण्यापेक्षा आजोबांना बघून लवकर कळतं. नियम एकच: पालकांनी स्वतःच्या मुलाशेजारी बसू नये. “अगं, आकाश निळं कर ना” हे वाक्य आम्ही फार ऐकलंय.

हात थरथरतो म्हणून मागे राहू नका. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस यांना संधिवातामुळे भरतकामाची सुई धरवेना, तेव्हा पंचाहत्तरी उलटल्यावर त्या चित्रांकडे वळल्या. १९६१ मध्ये वयाच्या १०१व्या वर्षी त्या गेल्या, त्या वर्षीही त्यांनी चित्रं काढली होती. १९४१ मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभं राहून रंगवणं जड जाऊ लागलं, तसा फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांनी कात्री धरली आणि रंगवलेल्या कागदांचे तुकडे कापून चित्रं रचली. आमच्याकडेही एक टेबल कात्री-कागदाचं आहे, आणि तिथे गर्दी असते ती मुलांचीच.

सामान थोडंच लागतं. पेन्सिली २बी आणि ६बी. घरातली एचबी चालेल, पण गडद छटेला ती पुरत नाही. महाग रंग पहिल्या महिन्यात घेऊच नका. कागदात मात्र काटकसर नको. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या, पातळ कागद पाणी लागताच फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो.

मातीकाम निवडलंत तर धीर धरा. वस्तू आतून ओलसर राहिली, तर भट्टीत त्या पाण्याची वाफ होते आणि वस्तू फुटते. आमच्याच घाईमुळे एका आजोबांचं घुबड असं फुटलं. त्यांनी तुकडे मागून घेतले आणि पुढच्या आठवड्यात दुसरं केलं, कान जरा मोठे ठेवून. तेव्हापासून जाड वस्तू पूर्ण वाळल्याशिवाय आम्ही भट्टीत लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

स्पर्धा, परीक्षा, प्रमाणपत्र यांतलं काही आमच्याकडे मिळत नाही. ते हवं असेल तर दुसरा वर्ग बघितलेला बरा. नाव नोंदवण्याआधी एक तास नुसतं बसून बघायला या. येताना डाग पडले तरी हळहळ वाटणार नाही असे कपडे घाला, कारण नुसतं बसायला आलेलं कुणी अजून तरी नुसतं बसलेलं नाही.