निळं फाटक म्हणजे उपवर मुलगी? छे!

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागात आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या घराचं फाटक निळं दिसलं की आत लग्नाची मुलगी आहे, असं पर्यटकांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं काही नाही. रंग तो रंगच. याच्याच जोडीचा दुसरा समज म्हणजे तिथे लग्नं आईवडील ठरवतात. तोही खोटा.

साधारण सोळाव्या वर्षापासून मुलंमुली रविवारी संध्याकाळी गाण्याच्या बैठकीला जाऊ लागतात. लांब टेबलाच्या एका बाजूला मुलगे, समोर मुली. भक्तिगीतं संपली की गप्पा रंगतात आणि मग एखादा मुलगा एखादीला आपल्या घोडागाडीतून घरी सोडतो. निवड त्यांचीच. चर्चमध्ये घोषणा होईपर्यंत सगळं गुपचूप ठेवायची जुनी रीत. शेजाऱ्यांची नजर मात्र भाजीच्या वाफ्यांवर! लग्नाच्या जेवणाला सेलरी भरपूर लागते. कुणाकडे ती जास्त लावलेली दिसली की कुजबुज सुरू. (खूण हवीच असेल, तर फाटक सोडा, परसबाग बघा.)

अट मात्र कडक: दोघांचाही आमिश चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला हवा. जुन्या प्रथेत डीकन, म्हणजे चर्चचा एक पदाधिकारी, मध्यस्थ म्हणून मुलीच्या घरी जाई, पण तोवर दोघांचं आपसात ठरलेलं असे.