दुकान, ऑफिस, क्लिनिकमध्ये एसी लावताय? आधी महावितरणचा लोड वाढवून घ्या (अर्ज, कागदपत्रं, वायरिंग)

एसी घ्यायला गेलं की डीलर जागा किती, किती टनाचा पाहिजे एवढं विचारतो, पण तुमच्या मीटरवर मंजूर लोड (म्हणजे एका वेळी किती वीज घ्यायची मंजुरी आहे) किती आहे हे सहसा कोणीच विचारत नाही, आणि मग एसी भिंतीवर चढल्यावर मेन ट्रिप व्हायला लागतो, मीटरपासूनची केबल गरम होते, तेव्हा धावपळ सुरू. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ॲडव्हान्स द्यायच्या आधी लोडचा अर्ज टाका.

पहिल्यांदा वीजबिल हातात घ्या. त्यावर मंजूर भार, म्हणजे हाच लोड, आणि दर संकेत (कुठल्या दराने बिल येतं तो) छापलेला असतो. दर संकेत घरगुती दाखवत असेल आणि तिथं दुकान चालू असेल तर लोडच्या आधी तो कमर्शियल करून घ्या, कारण वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये हा अनधिकृत वापर धरतात आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते.

आता हिशोब, आणि हा नीट करा कारण पुढचं सगळं यावरच आहे. टन म्हणजे थंडावा देण्याची ताकद, वीज किती खाणार ते नाही. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट थंडावा, पण त्यासाठी वीज लागते ढोबळ एक ते सव्वा किलोवॅट. नक्की आकडा युनिटच्या नेमप्लेटवर असतो, तोच धरायचा. समजा दीड टनाचे चार स्प्लिट लावताय, एकेक १.७ किलोवॅटचा, तर नुसते एसीच ६.८ किलोवॅट झाले, त्यात लाइट, कॉम्प्युटर, फ्रीज, पंप धरून अडीच-तीन किलोवॅट, म्हणजे साडेनऊच्या आसपास. सिंगल फेजवर साधारण ४० अँपिअरपर्यंतच पुरवठा मिळतो, २३० व्होल्टला तो ९.२ किलोवॅट होतो. मग तुम्हाला थ्री फेजच, म्हणजे तीन फेजच्या तारांचा पुरवठा, मागायला लागणार. मोठे डक्टेबल युनिट (छतातल्या डक्टमधून हवा सोडणारे) तर बहुतेक थ्री फेजवरच चालतात, तिथं प्रश्नच नाही. आणखी एक, लोड २० किलोवॅटच्या वर गेला की कमर्शियल दराचा गट बदलतो आणि केव्हीएवर (विजेच्या मागणीचं माप) डिमांड चार्ज, म्हणजे मागणीनुसार वेगळा आकार, लागतो, त्यामुळे उगाच फुगवून लोड मागू नका, पण कमीही दाखवू नका.

अर्ज कोण करू शकतं? ज्याच्या नावावर कनेक्शन आहे तो. बिल जुन्या मालकाच्या नावावर असेल तर आधी नावबदल करा, नाहीतर फाइल तिथंच अडकते. भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र लागतं, आणि हे पत्र मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो असं बघण्यात आहे, तर ते आधी घ्या. थकबाकी शून्य पाहिजे.

कागदपत्रांमध्ये शेवटचं बिल, आधार-पॅन, जागेचा पुरावा म्हणजे टॅक्स पावती किंवा इंडेक्स टू, शॉप ॲक्टचा कागद, कंपनी किंवा भागीदारी असेल तर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, आणि कुठलं उपकरण किती वॅटचं याची यादी. शिवाय पुढे कोटेशनचे पैसे भरल्यावर द्यायला परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट. तो वायरिंग खरंच तपासून दिलेला असावा, इन्सुलेशन आणि अर्थिंगचं रीडिंग समोर घ्यायला सांगा, कारण नुसती सही-शिक्का मारलेला कागद तुमच्या माणसांना शॉकपासून वाचवणार नाही.

अर्ज महावितरणच्या वेबसाइटवरून किंवा ॲपवरून ग्राहक क्रमांक टाकून करता येतो, सबडिव्हिजन ऑफिसलाही देता येतो. मग ते ट्रान्सफॉर्मर आणि लाइनवर क्षमता आहे का बघतात आणि कोटेशन देतात, त्यात सर्व्हिस कनेक्शनचा खर्च आणि वाढीव सुरक्षा ठेव असते. पैसे भरले, टेस्ट रिपोर्ट दिला की मीटर आणि गरज असेल तर सर्व्हिस केबल बदलते. २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांनुसार पूर्ण अर्जानंतर महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका भागात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मुदत आहे, पण नवी लाइन टाकायची किंवा ट्रान्सफॉर्मर वाढवायचा असेल तर जास्त लागतात. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल तर विद्युत निरीक्षकांच्या तपासणीचे वेगळे नियम आहेत, त्याबद्दल कॉन्ट्रॅक्टरला आधीच विचारा.

अर्ज चालू असताना आतलं वायरिंग उरकून घ्या. प्रत्येक एसीला डिस्ट्रिब्युशन बोर्डपासून वेगळी तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), दोन एसी एका लाइनवर जोडायचे नाहीत, एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नाही. वायरचा साइज नेमप्लेटवरचा करंट आणि अंतर बघून ठरवायचा, बोर्ड लांब असेल तर एक साइज वरची घ्या, त्यात कंजूषी नको. इन्व्हर्टर नसलेला कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो, तेव्हा एमसीबी त्याला साजेसा पाहिजे. आउटडोअर युनिटजवळ आयसोलेटर (लाइन पूर्ण तोडणारा स्विच) हवाच, नाहीतर सर्व्हिसिंगला आलेला माणूस चालू लाइनवर हात घालतो. अर्थ लिकेज ब्रेकर (करंट गळला की लाइन तोडणारा) आणि चांगली अर्थिंग यावर तडजोड नको. थ्री फेजला तिन्ही फेजवर लोड सारखा वाटा, आणि फेज गेला किंवा उलटा लागला तर बंद पाडणारा रिले बसवा, कारण स्क्रोल प्रकारचा कॉम्प्रेसर उलटा फिरला की खराब होतो, आणि तो बदलायचा खर्च रिलेच्या कितीतरी पट असतो.

अर्ज विनाकारण अडवला तर अर्ज क्रमांकाची पावती जपून ठेवा, लेखी तक्रार द्या, तरी नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर मुंबई किंवा नागपूरचे विद्युत लोकपाल आहेत. आणि मीटर बदलल्यावर पुढच्या बिलात मंजूर भार नवीन छापून आलाय का ते बघा, जुनाच दिसला तर लगेच सबडिव्हिजनला कळवा.