आधी हाड, मग सुई

हनुवटी मागे गेलेली असेल तर दोन वाटा असतात. खालचा जबडा कापून पुढे सरकवायचा, किंवा हनुवटीत फिलरची जेल टोचून ती पुढे आल्यासारखी दाखवायची. पहिल्या वाटेवर पूर्ण भूल, शस्त्रक्रिया आणि बऱ्याचदा वर्षभर दातांना तारा. दुसरी अर्ध्या तासात संपते. साहजिकच बरेच जण सुईपासून सुरुवात करतात आणि पुढे कधीतरी जबड्याच्या सर्जनकडे पोहोचतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे.

वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेत हाड जिथे कापतात, त्या रेषेला रने ल फॉर या फ्रेंच शल्यविशारदाचं नाव आहे. चेहऱ्याचं हाड ठरावीक रेषांवरच मोडतं, हे त्याने मृतदेहांवर प्रयोग करून १९०१ साली मांडलं. त्यातली सर्वांत खालची रेष आज सर्जन मुद्दाम कापतात. खालच्या जबड्याचं हाड मागच्या बाजूला उभं चिरून त्याचे थर एकमेकांवरून सरकवतात. मग टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू लावून सगळं पक्कं करतात.

खरी गंमत त्वचेची आहे. खालचा जबडा सरकवला की हनुवटीची त्वचा हाडाबरोबर जवळजवळ तेवढीच सरकते. वरचा ओठ मात्र वरच्या जबड्यामागे साधारण निम्मा ते दोन तृतीयांशच येतो. सर्जन याच हिशेबावर आधी संगणकावर नवा चेहरा मांडतो. हनुवटीत आधीच फिलर असेल तर त्याने मोजलेली जाडी त्वचेची की जेलची? हायल्युरॉनिक आम्लाचं फिलर निदान हायल्युरॉनिडेज हे विकर टोचून विरघळवता येतं. कायमस्वरूपी फिलर मात्र असं विरघळत नाही. म्हणून कधी, कुठे, काय टोचून घेतलं, हे सर्जनला आधीच सांगायला हवं.

बोटॉक्सचं काम वेगळं. ते मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे स्नायूला आवळायचा निरोप देणारं रसायन बाहेर पडू देत नाही, म्हणून स्नायू तीन-चार महिने सैल राहतो. ज्यांचे ओठ सहज मिटत नाहीत, ते नकळत हनुवटीचा स्नायू आवळून मिटवतात, आणि त्या ताणाने हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात. बोटॉक्सने खळगे जातील, पण ओठ मिटवायला मदत करणारा तोच स्नायू होता! जबडा जागेवर आला की स्नायूला ही ओढाताण करावी लागत नाही, आणि खळगे बऱ्याचदा आपोआप कमी होतात.

हसताना हिरड्या फार दिसणं हाही असाच दुहेरी प्रश्न. वरचा जबडा उभ्या दिशेने जास्त वाढला असेल तर तो वर सरकवावा लागतो. ओठ उचलणारा स्नायूच जोर करत असेल तर बोटॉक्सचे दोन थेंब पुरतात. दोन्ही कारणं एकत्र असली, तर हाड आधी सुधारायचं आणि उरलेल्या हिरड्यांपुरती सुई वापरायची.

शस्त्रक्रियेनंतर मात्र घाई नको. बरीचशी सूज काही आठवड्यांत ओसरते, पण चेहऱ्याचा अंतिम आकार स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागतं. सुजलेल्या चेहऱ्यात कमी काय आहे, हे ठरवणार कसं?

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी नस शस्त्रक्रियेत ताणली जाते, म्हणून खालचा ओठ आणि हनुवटी अनेकदा काही महिने बधिर राहतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरून ती बंद झाली, तर सुरुवातीची एक सूचना अनेकदा वेदना देते. बधिर जागी ती सूचना पोहोचतच नाही. अशा ठिकाणी सुई टोचणाऱ्याने त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडते का, दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परततो, याकडे एरवीपेक्षा जास्त लक्ष ठेवावं लागतं.

सूज उतरली आणि संवेदना परतली, की फिलरला चांगलं काम मिळतं. खालचा जबडा बराच पुढे सरकवला असेल तर जबड्याच्या कडेवर कधीकधी एक छोटी खाच बोटाला लागते. ती भरण्यासाठी पुन्हा हाड कापायची गरज नसते. तिथे जेलचा छोटासा थर पुरतो.